पगारपत्रक नसलेल्यांचे घर

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या पिढीने रचली, तिला घरकर्जाचा अर्ज भरावा लागला नव्हता. नाहीतर म्हणीत तिसऱ्या अनुभवाची भर खचित पडली असती. परप्रांतात येऊन राहिलेल्या मराठी माणसांपैकी जे रेल्वेत, पोस्टात, बँकेत वा कारखान्यात नोकरीस लागले, त्यांना हा अर्ज त्यातल्या त्यात सोपा गेला. परंतु आपल्यातच खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातून येऊन गावोगावच्या सराफ बाजारांत सोने गाळणारे गलाई व्यावसायिक आहेत, खानावळ चालविणाऱ्या भगिनी आहेत, पौरोहित्य करणारे आहेत, शिवणकाम आणि शिकवण्यांवर संसार उभा करणारे आहेत. यांची मिळकत नोकरदारापेक्षा कमी असतेच असे नाही. ती लग्नसराईत भरभरून येते, एखाद्या महिन्यात आटते, एवढेच. उणीव असते ती पगारपत्रक नावाच्या कागदाची. असा कागद नसलेल्यांच्या घरांना पैसा कोणी आणि कशाच्या भरवशावर पुरविला, हा इतिहास मोठ्या बँकांच्या इतिहासाहून निराळा आहे.

त्याचा एक प्रारंभ इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे सापडतो. तेथील रिचर्ड केटली नावाच्या खानावळवाल्याच्या ‘गोल्डन क्रॉस’ या गुत्त्यात १७७५ च्या सुमारास काही मंडळी दरमहा वर्गणी काढू लागली. निधी पुरेसा साठला की एका सभासदाचे घर उभे राही. तो व इतर पुढील वर्गण्या भरीत राहत, आणि सर्वांची घरे झाली की संस्था विसर्जित होई. वाचकांस ही रीत ओळखीची वाटेल, कारण आपली भिशी याहून फारशी वेगळी नाही. येथे कोणी कोणाचे उत्पन्न तपासले नाही. वर्गणी वेळेवर येते की नाही एवढेच सर्वांनी पाहिले.

आपल्या देशात परस्पर साह्याचा असाच एक प्रयत्न एका मराठी माणसाच्याच हातून, आणि महाराष्ट्राबाहेर झाला, याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. बडोदे येथे सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ साली ‘अन्योन्य सहाय्यकारी मंडळी’ स्थापन केली. सहकारी पतसंस्थांचा कायदा हिंदुस्थानात १९०४ साली आला. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षे आधी, केवळ परस्परांच्या शब्दावर ही संस्था चालू झाली. घरकर्ज हा काही तिचा मुख्य उद्देश नव्हता. सावकाराच्या दारी जाण्याची पाळी सभासदावर येऊ नये, हा होता. पण शेजाऱ्याची पत शेजाऱ्याने ठरवावयाची, हे जे तत्त्व पुढे लहान संस्थांच्या घरकर्जाचा पाया झाले, ते येथे स्पष्ट दिसते.

स्वातंत्र्यानंतर घरासाठी कर्ज ही गोष्ट सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात येण्यास बराच काळ जावा लागला. हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने १९७७ साली एच.डी.एफ.सी. निघाली. तिचे उपकार मोठे आहेत. मात्र समान मासिक हप्ता ही जी पद्धत तिच्यामुळे घरोघरी पोहोचली, तिचा सांगाडा पगाराचाच आहे. दरमहा सारखी रक्कम भरावयाची, तर दरमहा सारखी रक्कम आली पाहिजे. ज्याची कमाई ऋतुमानानुसार चढते-उतरते त्याने या साच्यात स्वतःला कसे बसवावे, याचे उत्तर अन्यत्र शोधावे लागले.

ते अहमदाबादेत सापडले, आणि तेही अगदी तळाच्या थरातील स्त्रियांनी शोधले. मजूर महाजनातून १९७२ साली इला भट्ट यांच्या नेतृत्वाखाली ‘सेवा’ ही श्रमिक स्त्रियांची संघटना उभी राहिली. भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, चिंध्या जोडून गोधड्या शिवणाऱ्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या अशा या स्त्रिया. बँकांचे १९६९ साली राष्ट्रीयीकरण झाले होते, गरिबांना कर्ज द्यावे असा आदेशही होता. पण कडेवर मूल घेऊन आणि मळक्या लुगड्याने त्या आत शिरल्या की कर्मचाऱ्यांना अवघडल्यासारखे होई. तेव्हा १९७४ साली चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःचीच सहकारी बँक काढली. पुष्कळजणींना सही येत नव्हती. म्हणून खातेदाराचे खाते-क्रमांकाच्या पाटीसह छायाचित्र काढून तीच तिची ओळख ठरविण्यात आली. बँकेची माणसे वस्तीत, बाजारात जाऊन पैसे गोळा करू लागली. जी बाई रोज मिळवते ती रोज थोडे टाकू शकते. महिनाअखेरपर्यंत तेच पैसे हाती राहत नाहीत. वर्ष-दीड वर्ष तिच्या खात्यावर नेमाने पडलेल्या बारीकसारीक रकमा पाहिल्या, की तिची ऐपत किती, हे वेगळे विचारावे लागत नसे. पगारपत्रकाची जागा बचतीच्या वहीने घेतली.

या कर्जांतून छपराचे पत्रे, फरशी, भिंती, एखादी वाढीव खोली अशी कामे होत. वरवर पाहता हा घरखर्च. पण विडी वळणारीचे घर हाच तिचा कारखाना असतो. छप्पर गळले की तिची पाने आणि तंबाखू दोन्ही भिजतात. सावकारी हिशेबातही हे कर्ज उत्पादकच होते. घर स्त्रीच्या नावावर व्हावे, असाही या संस्थेचा आग्रह असे.

अडचण होती ती तारणाची. झोपडीखालची जमीन पालिकेची किंवा दुसऱ्या कोणाची. गहाण काय ठेवणार? १९९५ पासून अहमदाबाद महापालिकेने ‘परिवर्तन’ योजनेत वस्त्यांना नळ, शौचालय, गटारे व रस्ते देण्यास आरंभ केला. प्रत्येक कुटुंबाने दोन हजार रुपये भरावयाचे होते, आणि ती रक्कम साठविण्यास सेवा बँकेचा आधार मिळाला. मोबदल्यात दहा वर्षे उठविणार नाही, अशी हमी पालिकेने दिली. हे मालकीहक्काचे खत नव्हे. पण ज्याला उद्याची शाश्वती नाही तो भिंत बांधत नाही, आणि त्याला कोणी कर्जही देत नाही. दहा वर्षांची शाश्वती त्या मानाने थोडीथोडकी नव्हती.

लहान संस्थांचे गुणगान करताना त्यांच्या पडझडीकडे डोळेझाक करणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याच अहमदाबादेत २००१ साली माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअर बाजारातील दलालाला दिलेल्या बेहिशेबी कर्जांमुळे कोसळली, आणि तिच्यात ठेवी ठेवणाऱ्या अनेक लहान सहकारी बँका तिच्याबरोबर डळमळल्या. तेव्हा ठेवीचा विमा एक लाखापर्यंतच होता. तो पाच लाख झाला २०२० मध्ये. बडोद्याची अन्योन्य संस्था पुढे बँक झाली खरी, पण शतकाहून अधिक काळ टिकून अखेरीस तीही बुडाली. ओळखीवर कर्ज देणे आणि ओळखीच्याला कर्ज देणे यांतील अंतर दिसावयास फारच थोडे असते.

उलट टोकाचा प्रकार अमेरिकेत घडला. तेथे अर्जदार जे सांगेल तेच उत्पन्न धरून कर्जे दिली गेली. कागद मागितला नाही आणि माणूसही पाहिला नाही. देणाऱ्याने ते कर्ज लगेच पुढे विकून टाकले असल्याने पाहण्याची त्याला गरजही वाटली नाही. २००८ साली त्याचा परिणाम साऱ्या जगाने भोगला.

भारतात १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक स्थापन झाल्यावर लहान गृहवित्त कंपन्यांना पुनर्वित्त मिळू लागले. गुजरात ग्रामीण गृहवित्त महामंडळ म्हणून १९८६ साली निघालेली व पुढे ‘गृह’ या नावाने ओळखली गेलेली संस्था लहान गावांत बरीच रुजली. २०१९ साली ती बंधन बँकेत विलीन झाली. अलीकडच्या अशा कंपन्यांचा अधिकारी अर्जदाराच्या दुकानात जाऊन बसतो, गिऱ्हाईके मोजतो, माल कोठून आणता ते विचारतो, शेजाऱ्याशी बोलतो आणि मग उत्पन्नाचा आकडा स्वतःच मांडतो. या श्रमांचे मोल वाढीव व्याजाने चुकवावे लागते. वीस वर्षांच्या मुदतीत एखाद-दुसऱ्या टक्क्याने केवढा फरक पडतो, हे सही करण्यापूर्वी एकदा कागदावर मांडून पाहावे, अशी आमची मंडळींना आग्रहाची सूचना आहे.

वस्तू व सेवा कर २०१७ साली आला, मोबाइलवरून पैसे देणे रूढ झाले, आणि पूर्वी जी मिळकत कोठेच उमटत नसे ती आता पुष्कळ अंशी बँकेच्या उताऱ्यात उमटते. गलाईच्या भट्टीवर जी मजुरी अजून रोखीने मिळते ती मात्र त्यात दिसत नाही. तिच्यापुरते अधिकाऱ्याला सराफ बाजारातील ती अरुंद गल्ली चढून वर यावेच लागते.