तुळस : अंगणातली आणि वाटेवरची

घराण्याच्या इतिहासात वाडे, जमिनी, कर्ते पुरुष यांची नोंद होते. वृंदावनाची होत नाही. वास्तविक जुन्या घरात बाईच्या हक्काची म्हणावी अशी जागा तीच. तेथे ती पाणी घाली, सांजवात लावी आणि कोणापाशी बोलता न येणारे दुःख तुळशीला सांगे.

आपला जिल्हा बहुतांशी कमी पावसाचा. १९७२ च्या दुष्काळात बायका खडी फोडायला गेल्या. तशा टंचाईतही तुळशीपुरते तांब्याभर पाणी बाजूला निघे. तुळसही थोडक्यात समाधान मानणारी. बी अगदी बारीक. ते राखेत किंवा वाळूत मिसळून पावसाळ्याच्या तोंडावर वाफ्यात विरळ पेरावे आणि पाच-सहा आठवड्यांनी रोप हलवावे. ऊन हवे, मात्र मुळाशी पाणी साचू देऊ नये. मंजिऱ्या वेळीच खुडल्या की झाड डेरेदार होते. बियांसाठी एखादे झाड राखावे. हिरवी ती राम तुळस, जांभळट ती कृष्ण तुळस.

खोकला-पडशाला तुळस, आले, मिरी, गवती चहा यांचा काढा आपल्या सासवा देत. पानांचा लवंगेसारखा वास युजेनॉल या तेलद्रव्याचा, असे शास्त्र सांगते. तथापि ताप रेंगाळला तर काढ्यावर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे. नैवेद्यावर तुळस, दानावर तुळस, अंतकाळी मुखातही तुळस. सर्वस्व सोडणे याला आपण ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवणे’ म्हणतो, ते उगीच नव्हे.

याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्या परंपरेतील वारकऱ्यांच्या गळ्यात तुळशीच्या काष्ठाची माळ असते. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरीस जाते, तेव्हा बायकांच्या डोईवर वृंदावने असतात. सधवा की विधवा, हे तेथे कोणी विचारीत नाही.

घरच्या तुळशीच्या लग्नात मात्र विधवा भगिनीला आपण वर्षानुवर्षे मागे उभे केले. तिने वाढविलेली तुळस चालते आणि तिची अक्षता चालत नाही, हा कोठला न्याय? कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागतात. यंदा मंडळाच्या वृंदावनापाशी पहिली अक्षता तिच्या हाती देऊ या, आणि जाताना प्रत्येकीने एकेक रोप घरी न्यावे. अंगण नसले तरी कुंडी पुरते.