गाणे कोणाचे, पैसा कोणाला?

पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमी रुजली आहे. धानाची कापणी आटोपली की तिचा हंगाम सुरू होतो. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की लागणारे वडसा अर्थात देसाईगंज हे नाट्यमंडळांचे प्रमुख केंद्र होय. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो आणि त्यातील गाणी कलावंत रंगमंचावर प्रत्यक्ष गातात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाल्यावर तिची दखल देशभर घेतली गेली.

गायक-वादकांची कमाई प्रामुख्याने प्रयोगाच्या मानधनावर असते. प्रयोगाचे चित्रीकरण यूट्यूबवर गेले, की जाहिरातींचे उत्पन्न वाहिनीच्या मालकाच्या खात्यात जमा होते. ते पुढे कलावंतांपर्यंत पोहोचणे आपसातील करारावर अवलंबून राहते. कलावंतांच्या मालकीची संगीतसेवा ही कल्पना येथेच महत्त्वाची ठरते.

वाटपाच्या दोन पद्धती

मोठ्या संगीतसेवा सर्व श्रोत्यांची वर्गणी एकत्र करून एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटतात. श्रोताकेंद्री पद्धतीत मात्र प्रत्येकाची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंतांनाच मिळते. समजा, ब्रह्मपुरीतील एका श्रोत्याने १०० रुपये भरले आणि महिनाभर झाडीपट्टीतील एकाच गायिकेची गाणी ऐकली. सेवेचे ३० रुपये वजा केल्यास दुसऱ्या पद्धतीत उरलेले ७० रुपये तिलाच मिळतील. पहिल्या पद्धतीत त्यातील बहुतांश रक्कम त्याने न ऐकलेल्या गाण्यांकडे जाईल. साउंडक्लाउडने २०२१ साली स्वतंत्र कलावंतांसाठी श्रोताकेंद्री वाटप सुरू केले. याउलट, वर्षभरात १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४पासून ध्वनिमुद्रणाचे मानधन देत नाही.

विकेंद्रीकरण आणि मालकी

फंकव्हेल या मुक्त प्रणालीत प्रत्येक गट स्वतःच्या सर्व्हरवर गाणी ठेवतो आणि हे सर्व्हर परस्परांशी जोडलेले असतात. ई-मेलप्रमाणेच येथे कोणा एका कंपनीची मक्तेदारी राहत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या रेझोनेटने सहकारी संस्थेचा मार्ग निवडला. श्रोत्याने प्रत्येक वेळी वाढती रक्कम भरायची आणि नवव्यांदा ऐकल्यावर गाणे त्याच्या मालकीचे व्हायचे, अशी तिची योजना होती.

मालकीचा प्रश्न गौण नाही. कलावंतांत लोकप्रिय असलेले बँडकँप २०२२ साली एपिक गेम्सने घेतले आणि २०२३ साली साँगट्रेडरला विकले. त्यानंतर तेथील सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना काम गमवावे लागले. या दोन्ही सौद्यांचा निर्णय कलावंतांच्या हाती नव्हता.

कायदा काय सांगतो?

१९५७च्या कॉपीराइट कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीनुसार चित्रपट व ध्वनिमुद्रणातील गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क वारसदार वा कॉपीराइट संस्था वगळता इतरांच्या नावे करून देता येत नाही. सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाल्यास सादरकर्त्यालाही रॉयल्टी मिळण्याची तरतूद आहे. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९पासून आयपीआरएस कार्यरत आहे, तर गायकांनी २०१३ साली इस्रा ही संस्था उभारली.

आधी नोंद, मग सेवा

सर्व्हर विखुरले किंवा वाटपाचे सूत्र बदलले, तरी ऑर्गन वा तबला कोणी वाजवला याची नोंद नसेल तर पैसा योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचणार नाही. त्यामुळे मुद्रणापूर्वी गीतकार, संगीतकार, गायक व वादक यांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा लेखी ठरवणे ही अशा सेवेची पहिली पायरी ठरते. वर्गणी भरणारे श्रोते मोजकेच असतील तर न्याय्य वाटपातूनही हाती थोडेच येईल. म्हणून ही सेवा प्रयोगाच्या मानधनाला पर्याय नव्हे, तर हंगाम सरल्यानंतरच्या महिन्यांतील जोड म्हणूनच उभी करावी लागेल.