शहरातील उद्यान आणि पक्ष्यांचे छायाचित्रण

वन्य पक्ष्यांची छायाचित्रे टिपायची तर भरतपूर किंवा नांदूरमध्यमेश्वर गाठलेच पाहिजे, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात या कलेचे पहिले धडे शहरातील उद्यानातच अधिक चांगले गिरवता येतात. येथील पक्षी माणसांच्या वर्दळीला सरावलेले असल्याने रानातील जातभाईंपेक्षा बरेच जवळ येऊ देतात. शिवाय तेच झाड, तीच फांदी आणि पुष्कळदा तोच पक्षी आठवड्यामागून आठवडे पाहता येतो.

मुंबईतील महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे याचे बोलके उदाहरण होय. धारावीलगत, मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकरांवर पसरलेली ही जागा एकेकाळी शहराच्या कचऱ्याचे आगार होती. तेथे माती पसरून, झाडे लावून वन उभे करण्यात आले आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. एका अंगाला दाट झाडी आणि दुसऱ्या अंगाला तिवरांची किनार असल्यामुळे झाडावरचे पक्षी आणि खाडीचे पक्षी एकाच फेरीत भेटू शकतात. खाडीकाठच्या पक्ष्यांसाठी मात्र घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. ओहोटीने चिखल उघडा पडला की बगळे, वंचक आणि तुतारी यांसारखे पक्षी खाद्य शोधण्यासाठी उतरतात. भरतीच्या वेळी तीच जागा ओस पडते.

हंगामाचेही तसेच. थंडीत हळद्या आणि धोबी यांसारखे पाहुणे येतात. फेब्रुवारीच्या सुमारास पांगारा आणि काटेसावर फुलले की शिंजीर, बुलबुल, मैना आणि कोतवाल त्या झाडांवर गर्दी करतात. वड, उंबर, पिंपळ फळांनी लगडले की तांबट आणि कोकीळ हमखास सापडतात. हातात महागडी लेन्स असलेल्या पण झाडे न ओळखणाऱ्या छायाचित्रकारापेक्षा साधी लेन्स बाळगणारा, झाडांची जाण असलेला माणूस चांगली चित्रे घेऊन परततो.

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत मोलाचे. सूर्य पाठीशी ठेवण्याचा सल्ला शिंजिराच्या बाबतीत तर अनिवार्यच ठरतो. नर शिंजिराचा जांभळा-निळा झळाळ हा रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा खेळ आहे. प्रकाशाचा कोन जुळला नाही तर तोच पक्षी छायाचित्रात निव्वळ काळा दिसतो. अशा वेळी पक्ष्यामागे धावण्याऐवजी, ऊन योग्य बाजूने पडणारा फुलांचा घोस निवडून तेथेच थांबावे. खंड्याचेही असेच आहे: शिकारीवर झेप घेऊन तो वारंवार ठरलेल्या बैठकीवर परततो.

उपकरणांबाबत फार लिहिण्याचे कारण नाही. ३०० ते ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स उद्यानात पुरेशी होते. कॅमेरा हातात धरून काम करताना ४०० मिलिमीटरला शटरचा वेग किमान १/४०० सेकंद असावा. उडत्या पक्ष्यासाठी तो १/२००० पर्यंत न्यावा लागतो. झाडीतील अंधुक प्रकाशात त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर कचरू नये. चित्रातील दाणेदारपणा सुसह्य असतो, हललेला पक्षी मात्र कोणत्याही संगणकावर दुरुस्त होत नाही. शुभ्र बगळा काळोख्या पार्श्वभूमीवर असेल तर कॅमेऱ्याच्या मापनापेक्षा प्रकाश थोडा कमी घ्यावा. उजळ आभाळासमोर बसलेल्या घारीसाठी तो उलट वाढवावा. डोळा स्पष्ट आला नाही तर बाकी सारे व्यर्थ, हा जुना नियम आजच्या डोळा आपोआप ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांच्या काळातही टिकून आहे. हे कॅमेरे आवाजही करत नाहीत, ही पक्ष्यांच्या दृष्टीने खरी सोय. मात्र अशा मूक शटरने वेगाने फडफडणारे पंख कधीकधी वाकडे उमटतात.

पक्ष्याकडे सरळ चालत जाऊ नये. तिरकस, थांबत-थांबत पुढे सरकावे आणि शक्यतो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे. पक्षी खाणे थांबवून मान ताठ करू लागला, शेपटी झटकू लागला, की तेच अंतर शेवटचे समजावे.

खरा प्रश्न उद्भवतो तो घरट्यापाशी. उद्यानात घरटे सापडल्याची बातमी मोबाइलवरून तासाभरात पसरते आणि दुसऱ्या दिवशी तेथे तिपायांची रांग लागते. तांबट वाळलेल्या, मऊ फांदीत, बहुधा तिच्या खालच्या बाजूने, ढोली कोरतो. नर आणि मादी दोघेही पिलांना भरवतात. चोचीत फळ धरलेला तांबट ढोलीत न शिरता शेजारच्या फांदीवर ताटकळत असेल, तर माणसे फार जवळ आली आहेत, असे समजावे. तितका वेळ पिले उपाशी राहतात. शिंपी पक्ष्याचे पाने शिवून केलेले घरटे तर पानांच्या आडोशावरच तगलेले असते. चित्र स्वच्छ यावे म्हणून आडवी येणारी डहाळी तोडणे वा बांधून बाजूला करणे, हा प्रकार दुर्दैवाने अपरिचित नाही. तो आडोसा गेला की ऊन आत शिरते आणि कावळ्यांची नजर पोहोचते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे समाविष्ट आहे, हे अनेक हौशी छायाचित्रकारांना ठाऊक नसते. वीण चालू असताना घरट्याचे छायाचित्र घेऊच नये, हा संकेत म्हणूनच अवाजवी ठरत नाही.

ध्वनिमुद्रित साद ऐकवून पक्ष्याला बोलावणे हा दुसरा गैरप्रकार. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे वाटून दयाळाचा नर घरटे आणि खाद्य सोडून धावून येतो, आणि न दिसणाऱ्या शत्रूचा शोध घेण्यात त्याची शक्ती खर्ची पडते. रानात हा प्रकार क्वचित होत असेल. उद्यानात मात्र त्याच एका नरावर दर रविवारी नव्याने प्रयोग होतो. पिंगळ्यावर रात्री फ्लॅश मारणे किंवा अळ्या टाकून पक्ष्याला फांदीवर आणणे यांचाही समावेश याच यादीत करावा लागेल.

घेतलेल्या छायाचित्राचा उपयोग भिंतीवर लावण्यापलीकडेही आहे. दिनांक, वेळ आणि उद्यानाचे नाव यांसह ते ‘ई-बर्ड’सारख्या संकेतस्थळावर नोंदविल्यास कोणता पाहुणा कधी आला व कधी गेला, याचा पुरावा जमा होतो. दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या चार दिवसांच्या गणनेत भारतातील पक्षिनिरीक्षक २०१३ पासून भाग घेत आले आहेत आणि त्यासाठी शहरातील कोणतेही उद्यान चालते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात स्थळाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जाऊ शकतात. घरट्याचे किंवा घुबडाच्या ढोलीचे चित्र चुकून टिपले गेलेच, तर ते इतरांना पाठविण्यापूर्वी ही नोंद पुसून टाकावी.