प्रतिजैव-रोध, बालकांच्या अतिसारातील
प्रतिजैव-रोध, बालकांच्या अतिसारातील : अतिसार व आमांश उत्पन्न करणाऱ्या सूक्ष्मजंतूंमध्ये, पूर्वी मारक ठरलेल्या प्रतिजैव पदार्थांना दाद न देण्याची जी क्षमता निर्माण होते, तिला प्रतिजैव-रोध म्हणतात. लहान मुलाच्या शरीरातील पाणी व लवणे झपाट्याने कमी होत असल्याने, औषध निरुपयोगी ठरले हे ध्यानात येईपर्यंत पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते.

वैद्यकास या गुणधर्माची ठळक जाणीव क्षयरोगाच्या उपचारात झाली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणी (जि. सातारा) येथे बेल-एअर हे क्षयरुग्णालय काढले, तेव्हा विश्रांती, सकस आहार व थंड कोरडी हवा एवढाच उपचार उपलब्ध होता. पुढे स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध लागला. परंतु ते एकटेच दिल्यास काही महिन्यांतच जंतू त्याला जुमानीत नाहीत, असे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत आढळले. हा रोध जनुकातील आकस्मिक बदलामुळे येतो व अनेक औषधे एकत्र देऊन त्यास आळा घालता येतो. आतड्यातील जंतूंचा मार्ग मात्र बव्हंशी निराळा आहे.

तो उलगडला जपानमध्ये. तेथील १८९७ च्या साथीत कियोशी शिगा यांनी आमांशाचा जंतू शोधला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सल्फा औषधांचा वापर सर्रास होऊ लागला आणि थोड्याच वर्षांत ती बहुतांशी निष्प्रभ झाली. १९५५ मध्ये सल्फा, स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन व क्लोरँफिनिकॉल या चारही औषधांना एकाच वेळी रोध करणारा वाण मिळाला. एका जंतूत एकाच वेळी चार आकस्मिक बदल घडणे जवळजवळ अशक्यच. हे कोडे १९५९ मध्ये सुटले. तोमोइचिरो आकिबा व कुनितारो ओचिआइ यांनी, आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय या नेहमीच्या रहिवाशाकडून शिगेला जंतूकडे हा रोध केवळ सान्निध्याने जातो, असे दाखविले. त्याचे वाहक म्हणजे प्लाझ्मिड हे स्वतंत्र जनुकवलय होय. सर्दी-खोकल्यासाठी बालकाला दिलेले प्रतिजैवही त्यामुळे त्याच्या आतड्यात रोधक जंतूंचा साठा वाढविते.

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले व देशात प्रतिजैवे सुलभ होऊ लागली. ही मोठीच सोय होती. तिच्यासोबत अविचारी वापरही आला. पश्चिम बंगालमध्ये १९८४ साली शिगा जंतूच्या आमांशाची भीषण साथ आली; तीत बालमृत्यू पुष्कळ झाले. अँपिसिलीन, को-ट्रायमोक्साझोल इ. प्रचलित औषधे तेथे निकामी ठरली आणि नॅलिडिक्सिक अम्लावर भिस्त ठेवावी लागली. त्रिपुरातील १९८८ च्या साथीत तेही अपुरे पडले. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिनाची वेळ आली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व भारतात त्यालाही रोध करणारे वाण आढळले.

वास्तविक बालकांच्या बहुसंख्य अतिसारांत प्रतिजैवांची गरजच नसते. तीव्र अतिसाराचे एक प्रमुख कारण असलेला, १९७३ मध्ये सापडलेला रोटाव्हायरस त्यांना बधतच नाही. रक्ती आमांश, तीव्र पटकी अशा मोजक्या प्रसंगीच ती आवश्यक ठरतात. जलसंजीवनीचे सामर्थ्य डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सिद्ध केले : पटकीसदृश अतिसाराचा मृत्युदर सु. ३० टक्क्यांवरून ३·६ टक्क्यांवर आला. असे असूनही कित्येक घरांत साखर-मिठाच्या पाण्याआधी औषधाची बाटली आणली जाते.

भारतात १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैवांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक झाले. आंत्रज्वर हा आतड्याचाच, पण निराळा रोग. त्याच्या जंतूंतही रोध वाढत असल्याने नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी संयुग्मित लशीची मोहीम हाती घेतली. रोटाव्हायरसाची लस महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात २०१९ मध्ये समाविष्ट झाली.