खुर्चीपर्यंतचा जिना

राजकुमार तलवार १९४३ साली इम्पीरियल बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागले. १९५५ मध्ये तिची स्टेट बँक झाली आणि १९६९ मध्ये तलवार तिचे अध्यक्ष. उत्तराधिकारी घरातलाच निघू शकतो, ही शाखेत खातेवह्या तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला मिळालेली न लिहिलेली हमी होती.

आणीबाणीत त्या हमीलाच धक्का बसला. एका डबघाईच्या सिमेंट कंपनीला सवलत देताना बँकेने अध्यक्ष बदलण्याची अट घातली होती. ती मागे घ्यायला तलवारांनी नकार दिला; संजय गांधींना भेटायलाही ते गेले नाहीत. काढायला कारण सापडेना, तेव्हा सरकारने बँकेचा कायदाच बदलला आणि ऑगस्ट १९७६ मध्ये त्यांना रजेवर धाडले. ही हकिकत नारायणन वाघुल यांनी लिहून ठेवली आहे. वाघुलही याच बँकेत घडलेले. वरिष्ठाबद्दलचा असा जिव्हाळा परिपत्रके काढून येत नाही.

पुढच्याच वर्षी अरुंधती भट्टाचार्य प्रोबेशनरी ऑफिसर झाल्या. २०१३ मध्ये अध्यक्ष. नंतरचे रजनीश कुमार, दिनेश खारा, सी. एस. शेट्टी हेही त्याच पायरीवरून चढले. इतर सरकारी बँकांत मात्र प्रमुख अनेकदा दुसऱ्या बँकेतून येतो (बँक ऑफ बडोदात २०१५ मध्ये तर थेट खासगी क्षेत्रातून आला) आणि काही वर्षांत जातो. तिथला अधिकारी कामचुकार असतो असे मुळीच नव्हे. पण नव्या साहेबाचे धोरण मनावर घेण्याआधी तो साहेबाच्या निवृत्तीची तारीख विचारून घेतो.