माहेरची वाट : ‘माझे माहेर पंढरी’चा भावार्थ

आषाढी एकादशी जवळ आली, की दिंड्या पंढरीच्या वाटेला लागतात आणि शहरांतील घराघरांतून पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजातील ‘माझे माहेर पंढरी’ हा अभंग ऐकू येऊ लागतो. संत एकनाथांची ही रचना राम फाटक यांनी स्वरबद्ध केली. चाल एवढी ओळखीची झाली आहे, की शब्दांकडे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक या चिमुकल्या अभंगात तीर्थयात्रेची रूढ कल्पनाच नाथांनी बदलून टाकली आहे.

यात्रेकरू सामान्यतः पुण्यासाठी, नवसासाठी, पापक्षालनासाठी निघतो. देवाशी त्याचे काही देणेघेणे ठरलेले असते. माहेरी निघालेल्या लेकीचे तसे नसते. तिला मागायचे काही नसते. घटकाभर आईबापांपाशी बसले, की तिचे भरून पावते. नाथांनी जीवाला या सासुरवाशिणीच्या जागी ठेवले आहे. प्रपंच हे सासर, पंढरी हे माहेर. सासर टाकून मात्र यायचे नाही. लेक येते ती परत जाण्यासाठीच. पुन्हापुन्हा येणे आणि परतणे हाच तर ‘वारी’ या शब्दाचा अर्थ. स्वतः गृहस्थाश्रमी असलेल्या नाथांनी हे रूपक योजावे, हे स्वाभाविकच होते.

अभंगातील नाती बारकाईने पाहण्यासारखी आहेत. विठ्ठल-रखुमाई हे आईबाप, हे कोणालाही सुचेल. पण पुंडलिक भाऊ होतो, यातील गोडी निराळी आहे. कथेप्रमाणे आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवून ठेवले. भाऊ घर राखून असला, तरच बहिणीचे माहेर टिकते. भीमा नदी तर अभंगात दोनदा येते. आरंभी ‘भिवरा’ या नावाने ती गावाची खूण सांगते. पुढे चंद्रभागा होऊन ती सख्खी बहीण बनते. पापनाशाचा उल्लेखही तेवढ्यापुरताच, बहिणीच्या वाट्याला आलेला आहे. तो यात्रेचा हेतू नाही.

नाथांच्या घराण्याचे पंढरीशी नाते जुने होते. विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती नाथांचे पणजोबा भानुदास यांनी परत आणली, असे परंपरा सांगते.

मात्र हे माहेर सर्व लेकरांना सारखे लाभले नाही, हेही येथे नोंदवायला हवे. संत चोखामेळ्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे. दार उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांना आत जाता आले. आईबापांच्या घरी जाणाऱ्याची जात कोणी विचारत नाही, हा या रूपकाचा सरळ अर्थ. तो व्यवहारात उतरण्यास नाथांनंतर साडेतीन शतके लागली.

अभंगाचा शेवट सर्वांत लक्षणीय आहे. पंढरीला पोहोचलो, मूर्ती डोळे भरून पाहिली, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. गुरू जनार्दनस्वामींना शरण जाऊन नाथ केवळ माहेराची आठवण काढतात. गोदाकाठच्या पैठणात प्रपंच करणाऱ्या नाथांना भीमाकाठ दुरून आठवतो, असेच हे चित्र आहे. वारीला जाऊ न शकणाऱ्यालाही म्हणून हा अभंग तेवढाच आपला वाटतो. नाथांच्या दृष्टीने आठवण ही यात्रेची उणी जागा भरणारी सोय नव्हे; तिच्यातच भेट आहे. जात्यावरच्या ओव्यांतही विठ्ठल असाच बाप होऊन, भाऊ होऊन येतो. उंबरठा सहजी ओलांडता न येणाऱ्या बायकांनी पहाटेच्या दळणात कितीतरी वेळा पंढरी गाठलेली आहे.