झोळी

१९७९च्या मे महिन्यात आईनं बाच्या जुन्या धोतराची एक झोळी शिवून दिली. आळंदीला शिकायला जायचं म्हणजे शाळा आणि शाळा म्हणजे दप्तर, असा तिचा हिशेब. माझाही तोच होता. मी पंधरा वर्षांचा होतो.

आमचं आहुपे सह्याद्रीच्या ऐन कड्यावर. पश्चिमेला घाट उतरला की मुरबाडचा मुलूख. आमची माणसं त्या वाटेनं म्हशाच्या जत्रेला जायची. पूर्वेला घोड नदी वाट काढत डिंभ्याकडं जाते. तिथलं धरण तेव्हा पुरं व्हायचं होतं. गाव महादेव कोळ्यांचं. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई आणि उन्हाळ्यात हिरडा, एवढ्यावर वर्ष काढायचं. भैरवनाथाची राई आहे, तिच्यातली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही. भजन होतं, पण पोथी लावून अर्थ सांगणारं कुणी नव्हतं. सप्त्याला बाहेरून एक बुवा यायचे. त्यांनी माझा आवाज ऐकला आणि बाला म्हणाले, “पोरगं आळंदीला धाडा. चार वर्षांत माणूस होईल.”

वारकरी शिक्षण संस्था १९१७ साली गुढीपाडव्याला विष्णुबुवा जोगांनी आळंदीत काढली. जोग पुण्याचे, जन्म १८६७चा. तालमीत घुमलेला माणूस, आजन्म ब्रह्मचारी. त्याआधी कीर्तन शिकायचं म्हणजे एखाद्या महाराजांच्या मागं फडात वर्षानुवर्षं टाळ धरून उभं राहायचं आणि कानावर पडेल ते उचलायचं. ज्याला चांगला गुरू भेटला तो तरला, बाकीचे नुसतेच टाळकरी राहिले. जोगांनी त्याला अभ्यासक्रम दिला, चार वर्षांची मुदत घातली. त्याआधी त्यांनी तुकोबांची गाथा अर्थासह छापली होती. संस्था काढून तीन वर्षं होत नाहीत तोच, १९२०मध्ये ते गेले. त्यांच्या शिष्यांतले सोनोपंत ऊर्फ मामा दांडेकर पुढं पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दिवसा तत्त्वज्ञान शिकवायचं आणि बिदागी न घेता कीर्तन करायचं, असा तो माणूस. आम्ही गेलो तेव्हा त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण ‘मामा असते तर’ हे शब्द रोज कानावर पडायचे.

पहाटे चारला उठायचं, इंद्रायणीत अंघोळ, मग समाधीपुढं काकडा. थंडीत पाण्यात पाय घालताना आहुप्याचा पाऊस बरा वाटायचा. काकड्यानंतर पाठांतर. गीता, विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी सत्तावीस अभंगांचा हरिपाठ. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या, रोज ठरलेल्या तेवढ्या म्हणून दाखवायच्या. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी गाथा आणि अमृतानुभव, पुढच्या वर्षांना विचारसागर. तो ग्रंथ मला कळला असं आजही म्हणवत नाही. चाली मात्र लगेच चढल्या. पखवाजही.

पण खरं शिक्षण दहाच्या सुमारास सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी एका थोरल्या विद्यार्थ्यानं माझ्या झोळीतली वही-पुस्तकं काढून कोनाड्यात ठेवली आणि म्हणाला, “ही यासाठी नव्हं. चल.” गल्लीतल्या एका दारापुढं आम्ही उभे राहिलो. “माउली, माधुकरी,” तो म्हणाला. माझ्या तोंडातून आवाज फुटेना. ज्या आवाजापायी मला धाडलं होतं, तो त्या उंबऱ्यापुढं गेलाच कुठं कळेना.

यावर मी पुढं पुष्कळ विचार केला. माधुकरी ही पुण्याच्या गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांची जुनी रीत. पाच घरं मागायची, नाही तर वार लावून जेवायचं आणि शिकायचं. त्यात त्यांना कमीपणा नव्हता, उलट मुंजीपासून भिक्षा मागायची त्यांना सवय. जोगांच्या संस्थेतली मुलंही सुरुवातीपासून त्यावरच जगली. पण आमच्याकडं उपाशी राहतील, रानातले कंद उकडून खातील, शेजारी हात पसरणार नाहीत. मला आळंदीत जात कुणी विचारली नाही. मग मीच ती दारोदार घेऊन हिंडत होतो. एका घरातल्या बाईनं “रोज रोज काय?” म्हणून दार लावून घेतलं, त्या रात्री मी पळून जायचं ठरवलं. गेलो नाही, कारण दुसऱ्या दिवशी पखवाजाला कणीक लावायची पाळी माझी होती. मागून आणलेल्या पिठातलीच ती कणीक. डाव्या पुडीवर ती थापली आणि हात मारला, तर आवाज असा घुमला की दार लावणारी बाई तेवढ्यापुरती विसरलो.

परक्या दारी धाडतात ते आम्हालाच नव्हे. अलीकडं पुण्यात मी पांढऱ्या सदऱ्यातली, टाय लावलेली दोन गोरी पोरं पाहिली. खिशावर नावाची काळी पट्टी. मॉर्मन पंथाचे धर्मप्रचारक. अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी त्यांची मोठी शाळा आहे. तिथं भाषा आणि उपदेश शिकून दोन वर्षं परमुलखात जायचं, कायम जोडीनं, सकाळी लवकर उठायचं. खर्च स्वतःच्या नाही तर घरच्यांच्या साठवणीतून. त्यांचा ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुण्याच्या छावणीपर्यंत पोचला. १८५५मध्ये त्यानं खास मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिका छापली. हाती फारसं काही लागलं नाही. त्या काळच्या त्यांच्या प्रचारकांची एक रीत मात्र माझ्या मनात बसली. पैसा घ्यायचा नाही, झोळीही घ्यायची नाही. जो दार उघडेल त्याच्याकडं जेवायचं. फिंडले पुण्यात कुणाच्या दारी उभा राहिला असेल, आणि पहिल्या दिवशी त्याला आवाज फुटला असेल का, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्या पोरांना अनोळखी माणसांत धाडतात. मला चार वर्षांनी आहुप्यात धाडलं, आणि ते सोपं नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ. माळ घातली की मांस-मासळी बंद. पावसाळ्यात ओढ्याला खेकडे निघाले की आमच्या घरात काय वास सुटतो, तो ज्याला ठाऊक आहे त्यालाच माझं दुःख कळेल. आईनं माझ्यासाठी वेगळी चूल मांडली. भैरवनाथापुढं बोकड पडायचा त्या दिवशी मी राईच्या पलीकडं जाऊन बसायचो. कीर्तनात मी कुणाला माळ घाल म्हणून सांगितलं नाही. पहिल्या कीर्तनाला बिदागी म्हणून पायलीभर भात पुढं आला, तो मी परत केला. बा चार दिवस बोलला नाही.

झोळीचं आईला मी परतलो तेव्हाच कळलं. मी चैत्रात आलो. कपडे धुताना तिला झोळीच्या शिवणीत पीठ दिसलं. “पुस्तकाला पीठ कशाचं?” मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आपल्यात कुणी मागितलं नव्हतं रं कधी.”

“म्हणूनच धाडला असंल,” मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. खरं तर मलाही पुरतं पटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती रानात निघाली. बाळहिरडा पडायला लागला होता. खांद्यावर माझी झोळी होती.